देशी करंडक, परदेशी मैदान : एक चिकित्सा

प्रस्तावना : देशांतर्गत स्पर्धेचा सामना परदेशात भरविण्याची प्रथा आता रूढ होत आहे. फुटबॉलमधील इटलीचा सुपर कप १९९३ मध्ये वॉशिंग्टनला व २००२ मध्ये त्रिपोलीला खेळला गेला. पूर्वी दोन्ही संघांच्या मैदानांवर एकेक सामना होऊन ठरणारा स्पेनचा सुपर कप २०१८ मध्ये मोरोक्कोत, तर २०२० मध्ये चार संघांसह सौदी अरेबियात गेला. आपल्याकडे याला जवळचे उदाहरण क्रिकेटमधील आयपीएलचे होय. अशा स्थलांतराचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचन : सर्वच स्थलांतरे एका मापाने मोजणे योग्य नाही. लोकसभा निवडणुकीमुळे पुरेशी सुरक्षा मिळणे कठीण झाल्याने २००९ ची आयपीएल दक्षिण आफ्रिकेत, तर कोरोनामुळे २०२० ची संयुक्त अरब अमिरातीत झाली. २०१६ मध्ये राज्यात दुष्काळ असताना मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश झाला. या तिन्ही प्रसंगी कारण सरले आणि सामने स्वगृही परतले. सुपर कपच्या मुळाशी मात्र यजमान देशाकडून मिळणारी रक्कम असल्याने परतण्याची निकड उरत नाही.

परदेशात नवा प्रेक्षक लाभतो, हे समर्थन पूर्णतः पोकळ नाही. तथापि त्याची मर्यादा २९ डिसेंबर २०२३ रोजी रियाधमध्ये उघड झाली. तुर्की प्रजासत्ताकाच्या शताब्दी वर्षातील तेथील सुपर कपचा सामना, अतातुर्क यांची प्रतिमा असलेले सदरे व घोषफलक यांवरील वादामुळे ऐनवेळी रद्द झाला. मैदान दुसऱ्याचे झाले की आपल्या प्रतीकांनाही परवानगी मागावी लागते.

वेंगुर्ले परिसरातील वाचकास हा भेद सहज उमगेल. दशावतारी मंडळी मुंबईला, गोव्याला जाऊन नाटक करतात. त्यात गैर काही नाही. परंतु गावची जत्रा ग्रामदेवतेच्या आवारातच भरते. मैत्रीपूर्ण सामना हे फिरते नाटक आहे. राष्ट्रीय करंडक ही जत्रा आहे.

निष्कर्ष : स्थलांतर कोणाच्या हितासाठी आणि परतीची वाट खुली आहे का, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. ज्या प्रेक्षकाने पिढ्यान्पिढ्या संघ जोपासला, त्यालाच केवळ दूरचित्रवाणीपुढे बसविणारी स्पर्धा श्रीमंत होईल. तिला ‘देशांतर्गत’ म्हणणे मात्र उत्तरोत्तर कठीण होत जाईल.