अण्णा, शेवंता आणि आपण

‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक होता. २०१६ च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच मुळी अण्णा नाईकांच्या मृत्यूनं होते. अण्णा जातात, विखुरलेली नाईक मंडळी वाड्यात गोळा होतात आणि मग भयाचा खेळ सुरू होतो. दुसऱ्या पर्वानं काळ मागं नेला आणि मेलेल्या अण्णांना जिवंत करून समोर उभं केलं. पुढं काय होणार ही उत्सुकता रहस्यकथेचा प्राण असते म्हणतात. इथं तो प्राणच काढून घेतला होता, तरी माणसं रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसत होती. कशासाठी? मला एकच उत्तर दिसतं, अण्णांसाठी. आणि मग शेवंतेसाठी.

आमच्या बेळगाव भागात या मालिकेला एक वेगळं नातंही होतं. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, आणि तिथून जवळच आकेरी, जिथं तो वाडा आहे. मालवणी आमच्या कानांना परकी नाही. पुण्याकडच्या पाहुण्यांना जे वाक्य दोनदा सांगावं लागायचं ते आमच्या घरातली कानडी शाळेत शिकलेली सूनसुद्धा चटकन पकडायची. पांडूचं ‘इसारलंय’ तर पोरांच्या तोंडी इतकं बसलं, की गृहपाठ का केला नाही याचं तेच उत्तर झालं. पहिल्या पर्वाच्या वेळी सिंधुदुर्गातून विरोधही झाला होता. कोकण म्हणजे काय नुसती भुताखेतांची जागा आहे काय, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. पण नंतर त्याच वाड्यासमोर फोटो काढायला लांबून लांबून गाड्या येऊ लागल्या. आमच्या गल्लीतूनही एक गाडी गेली. परत आल्यावर बायकांनी सांगितलं काय, तर “शेवंतेसारखी पोज दिली गं!”

अण्णा हा माणूस कसा आहे? लोकांच्या जमिनी गिळणारा, परक्या बाईवर डोळा ठेवणारा, घरच्यांना पायपुसण्यासारखं वागवणारा, प्रसंगी जीव घेणारा. माधव अभ्यंकरांनी तो असा उभा केला की नजर हटत नाही. आवाज न चढवता ते धाक बसवतात. वाईट माणूस स्वतःला वाईट समजत नसतो, हे त्यांना नेमकं कळलंय. नटाचं कौतुक व्हायलाच हवं. पण अपूर्वा नेमळेकरांची शेवंता आली आणि हे कौतुक हळूहळू दुसरीकडे सरकलं. अण्णा लाडके झाले. ‘आमचे अण्णा’ झाले.

आमच्याकडे पाप तीन वाटांनी लागतं म्हणतात: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि कुणी करत असताना ज्याला मनातून ‘बरं झालं’ म्हटलं ते. बस्तीत प्रवचनाला बसल्यावर या तिसऱ्याचं मला नेहमी भय वाटतं, कारण त्याला हातपाय हलवावे लागत नाहीत. नुसतं बघत बसलं तरी पुरे. दशलक्षणात आमच्यातल्या काहीजणी दहा दिवस मालिका सोडतात (आमचं पर्व ते, आणि झी मराठीचंही पर्वच!), आणि अकराव्या दिवशी पहिला प्रश्न, “अण्णानं काय केलं गं?” यात पाप आहे असं मी म्हणत नाही. खलनायक पाहण्यात मजा असतेच. रावण नसता तर पद्मपुराण कुणी वाचलं असतं, आणि आमच्या पद्मपुराणात तर रावण विद्वान आहे, जिनभक्त आहे. खलनायक आवडणं वेगळं, आणि त्याच्या हातून जो भरडला जातो त्याच्याकडे पाठ फिरवणं वेगळं.

पाठ फिरवली ती माईकडे. शकुंतला नरे यांनी माई अशी केली आहे की तिचं रडणंसुद्धा कुणाला ऐकू जाऊ नये याची ती काळजी घेते. चुलीपुढं बसून नवऱ्याचं सगळं कळत असलेली बाई. मुलांना कळू नये म्हणून विषय बदलणारी. अशा बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात, काहीजणी घरातच पाहिल्यात. पण मालिका तिला फार वेळ देत नाही. अण्णा तिच्यावर खेकसले, आपलं मन जरा कळवळलं, की लगेच पांडू येतो आणि आपण हसून मोकळे. भीतीनंतर हसू, हे गणित भयकथेला शोभतं. दुःखानंतर इतक्या लवकर हसवलं तर दुःख कुणाचं होतं तेच प्रेक्षक ‘इसारतो’. दिग्दर्शनाचा हा मला सगळ्यात मोठा दोष वाटतो.

शेवंतेचं मात्र मी वेगळं मानते. बायकांना ती आवडली ती नुसत्या साडीमुळं आणि काजळामुळं नव्हे. तिला काहीतरी हवंय आणि ती ते लपवत नाही. हवंय म्हणणारी बाई आपल्या मालिकांत एकतर कारस्थानी असते नाहीतर शेवटी पाया पडते. शेवंता तशी सरळसोट नाही. तिच्या हव्यासाची किंमत तीच मोजते, आणि अण्णाशी गाठ बांधून आपण काय केलं हे तिला कळत जातं तेव्हाचे नेमळेकरांचे डोळे पाहावेत. चाहत्यांनी त्यातला फक्त नखरा उचलला, एवढंच माझं म्हणणं.

तिसऱ्या पर्वात, २०२१ साली, अण्णा आणि शेवंता भुतं होऊन परतले, आणि तिथं चाहत्यांच्या प्रेमाची फळं दिसली. ज्याला बघून थरकाप व्हावा तो दिसताच घरात टाळ्या! भय उरणार कुठून? पुढं शेवंतेची भूमिका कृतिका तुळसकरांकडे गेली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, नवीन नटीनं काय केलं ते न बघताच. मला ते अन्यायाचं वाटलं. पण त्यावरून एक कळलं, की लोकांचा जीव जडला होता तो व्यक्तिरेखेवर नव्हे, एका चेहऱ्यावर.

ज्यांनी दुसरं पर्व आधी पाहिलंय त्यांनी आता मागं जाऊन पहिलं बघावं. तिथं वाडा आहे, पोरं आहेत, भांडणं आहेत आणि अण्णा नाहीत. माई आहे. तिनं काय काय सोसलंय ते ठाऊक असताना तिचं प्रत्येक ‘काय नाय रे’ वेगळंच ऐकू येतं.