रायगडाचा पहिला नंबर

दिवाळीत आमच्या धारूरच्या गल्लीतली पोरं मातीचे किल्ले करतात आणि नंबर द्यायला मला बोलावतात. यात माझ्या व्यासंगाचा काही संबंध नाही. ज्याचं पोर किंवा नातू स्पर्धेत नाही असा गल्लीतला मी एकटाच गृहस्थ. एवढ्या एका गुणावर मी परीक्षक झालो. मानधन दोन चकल्या.

तर परीक्षक या नात्याने माझं पहिलं निरीक्षण असं, की लोकप्रियतेत रायगडाचा हात धरणारा दुसरा किल्ला नाही. त्याच्या खालोखाल प्रतापगड, मग सिंहगड. एखादा शिवनेरी निघतो, तोही बहुधा रायगड करता करता माती संपली म्हणून. सिंधुदुर्ग करण्याची हिंमत एकाने केली होती. परातीतला समुद्र कुत्र्याने पिऊन टाकला आणि दुपारपर्यंत जलदुर्गाचा भुईकोट झाला.

ही खोड आपलीच आहे असं मात्र नाही. प्लॅस्टिकची मॉडेलं जोडणाऱ्या साहेबाचीही तीच तऱ्हा. एअरफिक्स कंपनीने स्पिटफायर विमानाचा संच काढला. पुढे त्या एका विमानाचे किती संच निघाले याला सुमार नाही. लढणारं विमान सगळ्यांना हवं. शिधा वाहून नेणाऱ्या विमानावर कोण डिंक वाया घालवतो? जपानच्या तामिया कंपनीची गोष्ट तर फारच नामी. त्यांनी पँथर रणगाडा केला तो आत बॅटरीचे सेल मावतील एवढा. हिशेब मांडला तेव्हा तो खऱ्याच्या एक पस्तिसांश भरला, आणि मग जगभर रणगाडे त्याच मापाने व्हायला लागले. तिथे माप ठरवलं सेलने. आमच्याकडे ते ठरवतो चित्रं विकणारा. किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं बाजारात ज्या उंचीची मिळतील ती घ्यायची. त्यामुळे आमच्या रायगडाच्या महादरवाजातून आत जायचं तर मावळ्याला रांगावं लागतं, आणि पायथ्याशी पेरलेले हळीव चौथ्या दिवशी बुरुजाच्या वर जातात.

पण मला बोलायचं आहे ते वेगळंच. ज्या गावात हे रायगड होतात त्या गावाचं नावच मुळी किल्ले धारूर. आधी किल्ला, मग गाव. तीन बाजूंना बालाघाटाच्या दऱ्या आणि गावाकडच्या बाजूला खंदक, असा खराखुरा, भल्याथोरल्या तटाचा किल्ला आम्हाला उठता-बसता दिसतो. आणि तो करणारं एकही पोर मला इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं. रायगड ज्याने पाहिलेला नाही तो रायगड करतो, आणि जो रोज दिसतो त्याच्याकडे पाठ करून करतो!

परीक्षकाने निःपक्षपाती असावं हे मला ठाऊक आहे. तरी गेल्या दिवाळीत मला राहवलं नाही. शेजारचा दहा वर्षांचा पोरगा माती कालवत बसला होता. म्हटलं, "काय करायलास?"

"रायगड."

"अरे, आपला धारूर कर की."

"त्याला गोष्ट कुठंय?"

मी आवेशात गोष्ट सांगितली. १५६७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वरखान लारीने हा किल्ला उभा केला. त्यावर अहमदनगरचा मूर्तजा निजामशाह चालून आला. फरिश्ता लिहितो, की किश्वरखानाने त्याला उर्मट पत्र धाडलं. शहाने ते फाडलं आणि शपथ घेतली, किल्ल्यात शिरेपर्यंत रिकिबीतून पाय काढणार नाही. लढाईत बाण लागून किश्वरखान पडला, किल्ला शहाच्या हाती गेला, त्याचं नाव फतेहाबाद झालं. पुढे शाहजहानच्या अमदानीत तो मोगलांनी घेतला.

पोराचे डोळे मोठे झाले होते. "भारीये! पण काका, ह्याच्यात आपला कोण?"

माझी अडचण झाली. पोरं किल्ला करतच नाहीत, गोष्ट करतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. रायगड म्हणजे १६७४ चा राज्याभिषेक, प्रतापगड म्हणजे १६५९ ची भेट. दगडविटा नुसत्या त्या माणसांना उभं राहायला. विजापूरवाला, नगरवाला आणि दिल्लीवाला यांच्यात 'आपला' कुठून काढायचा? युनेस्कोने २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात धारूर नाही ते रास्तच आहे. पण मग आम्ही आमच्या तटाचं करायचं काय?

"दगड वाहणारे आपले असतील," मी पुटपुटलो.

"त्यांची चित्रं बाजारात नसतेत," तो म्हणाला.

किल्ले करण्याची चाल मुळात पुण्या-साताऱ्याकडची. आमची कारागिरी म्हणजे पोळ्याला मातीचे बैल आणि दिवाळीला शेणाच्या गवळणी. ओसरीवर पोराची बहीण त्याच करत बसली होती. तिने आमचं बोलणं ऐकलं असावं.

पाडव्याला बघतो तर त्यांच्या अंगणात धारूर. पोराने माती रचण्याऐवजी तीन बाजूंनी दरी खणली होती, चौथीकडे खंदक. वर सिंहासन नाही, तोफ नाही. शेणाच्या वीस-पंचवीस गवळणी डोक्यावर घागरीऐवजी एकेक खडा घेऊन रांगेने तटाकडे निघाल्या होत्या. तट अर्धाच झालेला होता.

"अर्धवटच राहिला की," मागून कोणीतरी म्हणालं. "आणि महाराज कुठंयत?"

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. मग पहिला नंबर रायगडाला दिला. त्याला विजेच्या माळा होत्या, कारंजं होतं, आणि त्याचे वडील माझ्या शेजारीच उभे होते. धारूरला उत्तेजनार्थ कंपासपेटी.

पेटी घेताना पोराने विचारलं, "काका, मार्क कशाचे कमी पडले?"

"मापाचे," मी म्हणालो. "तुझ्या गवळणी तटापेक्षा उंच झाल्यात."

त्याने पलीकडच्या रायगडाच्या दारात अडकलेल्या मावळ्याकडे एकदा पाहिलं आणि पेटी बहिणीकडे दिली.