दप्तराबाहेरचे कागद : वास्तुकार व चित्रकारांची खासगी कागदपत्रे आणि आपली कलासमीक्षा

प्रास्ताविक

चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी आपल्या कारकिर्दीतील सहा हजारांहून अधिक रेखाचित्रांचा संग्रह लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेच्या ग्रंथालयाला दिला आणि २०१३ साली तेथे त्यांच्या वास्तुकार्याचे मोठे प्रदर्शन भरले. १९५८ साली मुंबईत व्यवसाय सुरू करणारा, साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, मुंबईतील कांचनजंगा, पणजीची कला अकादमी आणि बेलापूरची वसाहत रचणारा हा वास्तुकार; त्याचे कागद मात्र त्याच्या हयातीतच सातासमुद्रापार गेले. या घटनेवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया संभवतात. ‘आपला वारसा परदेशी गेला’ ही एक. आणि ‘गेला ते बरेच झाले, येथे त्याला वाळवी लागली असती’ ही दुसरी. दोहोंत तथ्य आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. कागद कोठे आहेत हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो नंतरचा होय. मुळात कोणते कागद जपण्याजोगे मानले गेले, हा आधीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या आधीच्या प्रश्नाचा, आणि त्याच्या उत्तरावर आपली कलासमीक्षा कशी अवलंबून आहे याचा विचार केला आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता अशा स्थलांतराला कोणताही अडथळा नव्हता. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार साधारणतः शंभर वर्षे, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंच्याहत्तर वर्षे, झाल्याखेरीज वस्तूला पुरावशेषाचा दर्जा मिळत नाही. ‘कलानिधी’ म्हणून रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा मोजक्याच चित्रकारांच्या कृतींना संरक्षण आहे. स्वातंत्र्योत्तर वास्तुकाराचा आराखडा यांपैकी कशातच बसत नाही. महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे; तो नावाप्रमाणेच सार्वजनिक अभिलेखांचा आहे. खासगी कपाटातील कागद वारसांच्या मर्जीवर सोडलेला आहे.

रेखाचित्र आणि दप्तर

लंडनची ही संस्था रेखाचित्रांच्या संग्रहासाठी जगभर ओळखली जाते. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पॅलेडिओ याची बहुसंख्य रेखाचित्रे आज तिच्याकडे आहेत. त्याच्या इमारती विचेंझा आणि व्हेनिसच्या परिसरात, आणि कागद चार शतकांपासून इंग्लंडमध्ये. म्हणजे इमारत एका देशात व कागद दुसऱ्या देशात ही स्थिती केवळ वसाहतींच्या वाट्याला आली असे नाही. पण या परंपरेचा दुसरा एक परिणाम अधिक लक्षणीय आहे. रेखाचित्र ही एकेकटी पाहता येणारी, चौकटीत बसवता येणारी, विकता येणारी वस्तू ठरली. ठेकेदाराला लिहिलेले पत्र, बैठकीचे इतिवृत्त, नाकारलेल्या प्रस्तावाची कार्बन प्रत, सिमेंटच्या टंचाईविषयीची टिपणी यांना चौकट कोणी करीत नाही. कोरिया-संग्रहाच्या वार्तेतही रेखाचित्रांच्या संख्येवर भर होता, हे यासंदर्भात बोलके आहे.

मराठी अभ्यासकाला वेगळी दृष्टी परकी नसावी. ‘दप्तर’ हा शब्द आपण शाळकरी मुलाच्या पाठीवर लादून टाकला असला तरी त्याचा मूळ अर्थ पुण्याच्या पेशवे दप्तरात अजून शाबूत आहे. तेथील कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल ही केवळ कापडाची सोय नव्हे. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी, कोणत्या कामाच्या ओघात आला, याची ती खूण असते. आधुनिक अभिलेखशास्त्र ज्याला मूळ क्रम म्हणते व जो मोडू नये असा आग्रह धरते, तो जुन्या कारकुनाला गाठीच्या रूपाने ठाऊक होता. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना सुंदर अक्षराची पत्रे निवडली नाहीत. कर्ज, रसद, वाटेतली अडचण, उलटटपाली आलेली तक्रार, सर्वच त्यांना साधन वाटले. (गो. स. सरदेसाई यांनी पुढे १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. ‘निवडक’ या शब्दात एक क्रम मोडून दुसरा क्रम लादणे येतेच. पण मूळ रुमाल जागेवर असल्याने त्या निवडीची तपासणी करता येते.) ज्या समाजाने अस्सल कागदाचा एवढा ध्यास घेतला, त्याच समाजाने विसाव्या शतकातील आपल्या कलावंतांना मात्र दप्तराबाहेर ठेवले, ही विसंगती आहे.

तिचा परिणाम कोरिया यांच्यावरील लेखनात स्पष्ट दिसतो. उष्ण हवामानातील खुले आकाश, अंगण, गच्ची, मंडल या संकल्पनांभोवती हे लेखन फिरत राहते. या संकल्पना त्यांच्या स्वतःच्या निबंधांतून आलेल्या आहेत आणि रेखाचित्रे त्यांना दुजोरा देतात. वास्तुकाराचे लेखन आणि वास्तुकाराची रेखाचित्रे एवढेच पुरावे असतील तर समीक्षा वास्तुकाराच्या मुखानेच बोलणार. नवी मुंबईचे उदाहरण पाहावे. खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव १९६४ साली मांडला गेला तो कोरिया, प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल या तिघांनी. १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकाने मुंबईच्या नियोजनावरील अंकात त्याला स्थान दिले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुकार होते. एवढा सांगाडा सर्वत्र आढळतो. परंतु तिघांपैकी कोणाचा कोणता विचार, राज्यशासनाची मुख्य कार्यालये खाडीपलीकडे न्यावीत ही कल्पना कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या शेऱ्याने बारगळली, त्याच वर्षांत नरिमन पॉइंटवर भराव घालून इमारती उभ्या राहत असताना नव्या शहराच्या नियोजनकारांनी एकमेकांना काय लिहिले, या प्रश्नांची उत्तरे रेखाचित्रात सापडणार नाहीत. रेखाचित्रात हेतू उमटतो. नकार उमटत नाही. नकार टिपणीत, पत्रात, इतिवृत्तात असतो. शासकीय कार्यालयांतील कागद अ, ब, क, ड या वर्गवारीने ठेवले जातात. कायमस्वरूपी जतनाचा मान ‘अ’ वर्गाला, आणि बाकीचे मुदत संपताच नष्ट करण्यास मोकळे. ज्या कागदाची दुसरी प्रत वास्तुकाराच्या वा अभियंत्याच्या घरी आहे, ती प्रत त्यामुळे पुढे एकमेव प्रत ठरू शकते. प्रवीणा मेहता यांचे नाव सामान्य वाचकाला अपरिचित का राहिले, या प्रश्नाचा विचारही याच अंगाने व्हायला हवा.

गिरणगावाचे उदाहरण याहून कठोर आहे. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींविषयी कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्या गटाच्या शिफारशी अमलात आल्या नाहीत. २००१ साली विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमात बदल होऊन मोकळ्या जागेचा आणि सार्वजनिक घरांचा वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता मोजला जाऊ लागला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. परळ आणि लोअर परळचे आजचे रूप या घटनाक्रमातून आले आहे. वास्तुकाराच्या चरित्रात मात्र हे प्रकरण एखाद्या वाक्यात आटोपते, कारण त्यातून कोणतीही इमारत उभी राहिली नाही. न झालेल्या कामाचे दप्तर हेच ज्याचे एकमेव अवशेष असतात अशा कामाला रेखाचित्रकेंद्री संग्रहात जागा कोठे असणार?

पणजीच्या कला अकादमीच्या बाबतीत प्रश्न केवळ इतिहासलेखनाचा राहिला नाही. १९८३ साली पूर्ण झालेली मांडवीकाठची ही इमारत पाडण्याची भाषा २०१९ साली निघाली, विरोध झाला, २०२१ पासून नूतनीकरण सुरू झाले, आणि जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. दोषाचा वाद येथे प्रस्तुत नाही. परंतु चाळीस वर्षांच्या काँक्रीटला हात घालताना मूळ संरचना-आराखडे, प्रत्यक्ष बांधकामात केलेले बदल आणि त्या बदलांमागची पत्रे समोर असणे हे अभियांत्रिकी निकडीचे काम आहे. देखण्या छेदचित्रावरून लोखंडी सळ्यांची जाडी समजत नाही.

कागदांच्या अभावी काय लिहिले जाते

चित्रकारांच्या बाबतीत हा अभाव कशाने भरून काढला जातो, हे पाहण्यासारखे आहे. रवि वर्मा मराठी वाचकाला ठाऊक झाले ते मुख्यतः रणजित देसाई यांच्या कादंबरीतून. ती कादंबरी आहे, आणि कादंबरी म्हणून तिचे मूल्य वेगळे. पण रवि वर्म्यांचे बंधू सी. राजराज वर्मा यांची इंग्रजी दैनंदिनी २००५ साली प्रसिद्ध झाली तेव्हा चित्रकाराचे दुसरेच रूप समोर आले : प्रवास, संस्थानिकांच्या भेटी, कामाची मागणी, छापखान्याचा व्याप, आणि स्वतः राजराज यांचा चित्रनिर्मितीतील वाटा. प्रतिभेच्या एकाकी नाट्यापेक्षा हे जोडकामाचे चित्र कमी आकर्षक आहे, पण अधिक विश्वसनीय आहे. मराठीतच पाहायचे तर म. वि. धुरंधर यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मचरित्रात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील आपल्या कालखंडाची नोंद ठेवली, म्हणून त्या काळातील कलाशिक्षणाविषयी काही ठामपणे बोलता येते. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या मितभाषी चित्रकाराविषयी लिहिताना मात्र परिचितांच्या आठवणींवाचून गत्यंतर राहत नाही. सतीश नाईक यांनी संपादित केलेला ‘चिन्ह’चा ‘गायतोंडे’ हा ग्रंथ या मार्गाने गेला आणि त्याने मोठे काम केले, यात शंका नाही. तरीही आठवण ही सांगणाऱ्याच्या वयाबरोबर बदलत जाते, आणि तिला उलट प्रश्न विचारण्यासाठी समोर कागद लागतो. आपल्या कलासमीक्षेवर आख्यायिकाप्रियतेचा आरोप वारंवार होतो. हा दोष समीक्षकाच्या वृत्तीइतकाच साधनांच्या दुष्काळाचाही आहे.

पर्यायी व्यवस्था

लुई कान यांचा मृत्यू मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकात झाला. मागे कर्जाचा मोठा बोजा होता. त्यांच्या कार्यालयातील कागद तुकड्यातुकड्याने विकले जाण्याचा धोका असताना पेनसिल्व्हेनिया राज्याने संपूर्ण संग्रह विकत घेऊन तेथील विद्यापीठात ठेवला. आराखड्यांबरोबर कार्यालयीन पत्रव्यवहारही एकत्र राहिला, हे या खरेदीचे खरे महत्त्व. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची वसतिगृहे पाडण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये पुढे आला आणि जगभरातून आक्षेप घेतले गेले. कान यांच्या पश्चात ते संकुल पुढे नेणारे अनंत राजे यांच्यासारख्या वास्तुकारांचा येथील व्यवहार कानइतकाच अभ्यासला जायला हवा होता, हे तेव्हा तीव्रतेने जाणवले.

दुसरा मार्ग बडोद्याचा. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, रतन परिमू, के. जी. सुब्रमण्यन यांच्या संग्रहांचे अंकीकरण केले. छायाप्रती जगाला खुल्या झाल्या. पत्रे, प्रदर्शनांच्या पुस्तिका, वर्गातील स्लाइड्स, कात्रणे असे सर्व एकत्र आल्यामुळे एका कलामहाविद्यालयाचा संसारच त्यातून उभा राहतो. या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे : प्रतिमा सुरक्षित झाली म्हणजे कागद सुरक्षित झाला असे नव्हे, उलट स्कॅन झाल्यावर घरातील मूळ कागदाविषयीची काळजी कमी होण्याचा संभव असतो.

आणि कागद नाजूक आहे. वास्तुकाराच्या कार्यालयातील ट्रेसिंग कागद पिवळा पडून कडेने तुटतो. अमोनिया प्रिंट उजेडात फिकट होते आणि शेजारच्या कागदालाही डाग पाडते, म्हणून ती वेगळी ठेवावी लागते. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत कसर आणि बुरशी यांना वेगळे आमंत्रण लागत नाही. १९९० नंतरच्या कामांची अवस्था तर अधिक बिकट. फ्लॉपी आहे, ती वाचणारे यंत्र नाही. फाइल आहे, तिची जुनी आज्ञावली नाही. १९६० चा बटर पेपर अजून वाचता येतो आणि १९९५ चा आराखडा येत नाही, ही उलटी गंमत संग्राहकाला रोज भेटते.

महाविद्यालयांनी या कामात कोठे उभे राहावे? वातानुकूलित संग्रहागार बांधणे बहुतेकांना परवडणारे नाही. मात्र जे होऊ शकते ते वेळेवर व्हावे लागते. भाड्याचे कार्यालय रिकामे करण्याची वा इमारत पुनर्विकासाला जाण्याची नोटीस आली की वारसांच्या हाती थोडे दिवस असतात, आणि त्या दिवसांत देखणे आराखडे नातेवाइकांकडे व उरलेल्या फायली वजनावर रद्दीत जातात. कपाटे हलवण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन कोणत्या खणात, कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या क्रमाने काय आहे याची छायाचित्रांसह यादी करणे, पत्रांच्या फायली आराखड्यांपासून वेगळ्या होऊ न देणे, आणि हयात असलेल्या सहायकाकडून पाकिटांवरील अपुरी नावे पुरी करून घेणे, एवढ्यासाठी निधीची वाट पाहावी लागत नाही. ती यादी पुढे संग्रह लंडनला गेला काय किंवा पुण्याला राहिला काय, दोन्ही ठिकाणी लागणारच.