नाकाताचा चेंडू आणि नाकाताचा निरोप

दि. २२ जून २००६ रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड शहरी ब्राझीलने जपानला ४-१ असे हरविले. सामना संपला, हस्तांदोलने झाली, अंगरख्यांची अदलाबदल झाली आणि मंडळी आत निघून गेली. जपानचा एक खेळाडू मात्र मैदानाच्या मध्यवर्तुळात उताणा पडला तो बराच वेळ उठेचना. हा हिदेतोशी नाकाता. पुढे दि. ३ जुलै रोजी त्याने आपल्या संकेतस्थळावरून निवृत्ती जाहीर केली. त्या वेळी त्याचे वय होते अवघे २९ वर्षांचे. ईश्वराने ओंजळ भरून दिलेले दान त्याने रस्त्यावर सांडून टाकले, असा आरोप तेव्हापासून त्याच्यावर होत आला आहे. आम्हीही त्या फिर्यादी पक्षात होतो. आता आमचे मत पालटले आहे. सर्वांशाने नव्हे, पण बरेचसे. ते का पालटले हे सांगण्यापुरताच हा लेख.

आमच्या गोव्यात फुटबॉलविषयी लिहिण्यास प्रस्तावना लागत नाही. डॉर्टमुंडच्या त्या रात्री जपानचा प्रशिक्षक होता तो झिको, आणि २०१४ ते २०१६ या काळात एफसी गोवा संघाचा प्रशिक्षक म्हणून त्यालाच आपण फातोर्ड्याच्या मैदानालगत उभा राहिलेला पाहिला आहे. तेव्हा नाकाताचा खटला आपल्याला अगदीच परका नाही.

नाकाताचा जन्म १९७७ साली यामानाशी प्रांतातील कोफू येथे झाला. जपानमध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली १९९३ साली, आणि १९९५ साली हा मुलगा हिरात्सुकाच्या बेलमारे संघात दाखल झाला. म्हणजे ज्या घराचे वासे अजून ओले होते त्या घरात तो वाढला. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये मियामी येथे जपानने ब्राझीलला १-० असे नमविले, त्या संघात तो होता. परंतु त्याची खरी ओळख पटली ती दि. १६ नोव्हेंबर १९९७ रोजी, मलेशियातील जोहोर बारू येथे. प्रतिपक्ष इराणचा, जिंकेल त्याला विश्वचषकाचे दार उघडणार, आणि जपानला ते तोवर एकदाही उघडले नव्हते. जपानने तो सामना जादा वेळेत ३-२ असा जिंकला, आणि तिन्ही गोलांच्या मुळाशी नाकाता होता. शेवटच्या वेळी त्याने मारलेला चेंडू इराणच्या गोलरक्षकाने अडविला, आणि सुटलेला तो चेंडू ओकानोने जाळ्यात लोटला. नोंदवहीत नाव ओकानोचे लागले. गोल कोणाचा हे पाहणाऱ्यांस ठाऊक होते.

आता त्याच्या खेळाच्या गुणदोषांकडे वळू. मध्यफळीतल्या खेळाडूची कला म्हणजे मुख्यतः चेंडू देण्याची कला. काहीजण चेंडू असा देतात की घेणाऱ्याला तो आपणहून पायाशी आला असे वाटावे. ती दानशूराची रीत. नाकाताची रीत सावकाराची होती. त्याचा चेंडू सरळ, जमिनीलगत आणि जबर वेगाने जाई. सहकारी उभा असे तिथे नव्हे, तर त्याने जिथे पोहोचलेले असावे तिथे. पोहोचला तर गोल, न पोहोचला तर चेंडू रेषेबाहेर आणि प्रेक्षकांत हळहळ. जपानमधील टीकाकार म्हणत की असा चेंडू घेणेच शक्य नसेल तर तो देण्यात शहाणपण काय? आक्षेप खोटा नाही. तथापि त्या चेंडूत एक मागणी दडलेली असे, हे आम्हांस फार उशिरा उमगले. ‘तू याहून वेगाने धावू शकतोस,’ असे तो सहकाऱ्याला सांगत असे. तोंडाने नव्हे, चेंडूने. अशी मागणी करणारा मनुष्य संघात आदरणीय होतो, प्रिय होतोच असे नाही. नाकाता प्रिय झाला नाही. वृत्तपत्रांशी त्याचे बिनसले आणि विशीतच तो आपले म्हणणे आपल्या संकेतस्थळावरून मांडू लागला. त्याच्या चालण्यात ताठपणा होता; तो अहंकाराचा की एकटेपणाचा, हे ठरविणे दुरून पाहणाऱ्याला कठीण.

१९९८ च्या विश्वचषकात जपान तिन्ही सामने हरला, पण नाकाताला इटलीतील पेरुजा संघाने उचलले. आशियाई खेळाडू घेणे म्हणजे अंगरखे विकण्याची युक्ती, अशी कुजबुज तिथे होती. पहिलाच सामना युव्हेंतुसशी पडला. पेरुजा ३-४ असा हरला, पण त्यांतील दोन गोल नाकाताचे होते. त्या हंगामात त्याने दहा गोल केले, आणि कुजबुज थांबली. जानेवारी २००० मध्ये तो रोमाकडे गेला. तिथे त्याच्या जागेवर तोत्ती होता, आणि रोम शहरात तोत्तीची जागा मागणे म्हणजे देवळात मूळपुरुषाची जागा मागण्यासारखे. तेव्हा बाकावर बसणे आले.

येथे आमच्यातला वकील जागा होतो, त्यास इलाज नाही. युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू एका सामन्यासाठी घेता येतील, असा इटलीत नियम होता. रोमाकडे असे खेळाडू तिनाहून अधिक असल्याने नाकाताला पुष्कळदा बाकही मिळत नसे. मे २००१ च्या आरंभी, हंगाम संपत आला असता, महासंघाच्या न्यायपीठाने हा नियम रद्द केला. लागलीच दि. ६ मे रोजी तुरीन येथे युव्हेंतुस आणि रोमा यांची गाठ पडली. युव्हेंतुसने पहिल्या सहा मिनिटांतच दोन गोल केले. साठाव्या मिनिटाच्या सुमारास तोत्तीला काढून नाकाताला आत पाठविण्यात आले. एकोणऐंशीव्या मिनिटाला त्याने दुरून असा तडाखा हाणला की चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला. अखेरच्या क्षणी त्याचा आणखी एक फटका गोलरक्षक व्हान डर सारच्या हातून निसटला आणि मोंतेल्लाने बरोबरी साधली. पुन्हा जोहोर बारूच! रोमाने ते विजेतेपद ७५ गुणांनी जिंकले; युव्हेंतुसचे झाले ७३. तो सामना युव्हेंतुसने जिंकला असता आणि बाकी सर्व तसेच राहिले असते, तर गणित ७५ विरुद्ध ७४ असे युव्हेंतुसच्या बाजूने फिरले असते.

हंगामाच्या मध्यावर नियम बदलणे अन्यायाचे, असा ओरडा तेव्हा झाला आणि अजूनही कानी येतो. आमचा अभिप्राय असा की तक्रार असलीच तर ती न्यायपीठाने निवडलेल्या मुहूर्ताविषयी आहे, खेळाडूविषयी नाही. नियम सर्व संघांस त्याच दिवसापासून मोकळा झाला होता. प्रतिपक्षाचा एक चांगला मनुष्य कायद्याने बाहेर बसावा, हा कोणाचा संपादित हक्क होऊ शकत नाही. आणि जन्मभूमी पाहून पान मांडण्याचा पंक्तिप्रपंच एकदा चुकीचा ठरल्यावर पुढचे पान वाढीपर्यंत त्यास मुदत का द्यावी?

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका गोष्टीत मात्र आम्ही त्याचे वकीलपत्र घेणार नाही. मेअखेर ते जून या काळात जपान आणि दक्षिण कोरियात कॉन्फेडरेशन्स चषकाची स्पर्धा भरली. उपांत्य सामन्यात नाकाताच्याच गोलावर जपानने ऑस्ट्रेलियाला हरविले, आणि हा गृहस्थ अंतिम सामना सोडून रोमाच्या शेवटच्या झुंजीसाठी इटलीस परतला. दि. १० जून रोजी जपान फ्रान्सकडून ०-१ असा हरला. तो असता तर जिंकले असते, असे आम्ही म्हणत नाही. पण सहकाऱ्यांनी धावून यावे अशी मागणी जो वर्षानुवर्षे करतो, त्याने त्या दिवशी तिथे असावयास हवे होते.

पुढची वर्षे लवकर सांगून होतात. पार्माकडून इटलीचा चषक २००२ साली मिळाला. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात तुरीन येथे त्याने केलेला गोलच शेवटी निर्णायक ठरला. त्याच वर्षी घरच्या विश्वचषकात ट्युनिशियाविरुद्ध त्याने डोक्याने गोल केला. मग बोलोन्या, फियोरेंतिना, इंग्लंडमधील बोल्टन. दरवर्षी बाक थोडा अधिक ओळखीचा झाला. देशासाठी एकूण ७७ सामने आणि ११ गोल.

आणि मग जर्मनी. ऑस्ट्रेलियाविरुद्ध आघाडीवर असलेल्या जपानने शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत तीन गोल खाल्ले. क्रोएशियाशी गोलशून्य बरोबरी झाली. मग डॉर्टमुंड. निवृत्तीच्या निवेदनात नाकाताने लिहिले की हा निर्णय त्याने सुमारे सहा महिन्यांपूर्वीच घेतला होता. म्हणजे तो शेवटचे सामने शेवटचे म्हणूनच खेळत होता, आणि बरोबरीच्या मंडळींस ते ठाऊक नव्हते. हे लपविणे योग्य होते काय? सांगितले असते तर संघाने त्याच्यासाठी खेळ केला असता. त्याला त्यांनी चेंडूसाठी खेळावयास हवे होते. आम्ही हे त्याच्या बाजूने धरतो, जरी याची किंमत त्या वर्तुळात एकट्याने मोजावी लागली.

आमच्या देवळात एक पखवाजी होते. एका सोमवारी पालखी आत आल्यावर त्यांनी पखवाजाला गवसणी घातली आणि ‘आता पुरे’ म्हणून घरी गेले. हात उत्तम चालत होता, वय पन्नाशीच्या आतले. समितीच्या सभेत त्यांना खडसावण्याचे काम आमच्याकडे आले, आणि ते आम्ही अंमळ उत्साहानेच पार पाडले. देवाने दिलेली विद्या ही तुमची खासगी मालमत्ता नव्हे, असा युक्तिवाद आम्ही केला. ते शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, हात वाजवतात, पण मी आत नसतो. ते देवाला कळते, तुम्हांला कळत नाही.” आम्ही त्या वेळी याला पळवाट समजलो. डॉर्टमुंडचे चित्रण पुन्हा पाहताना ते वाक्य आठवले आणि आमची आम्हांस लाज वाटली. ज्याचा चेंडू ही मागणी होती, त्याला ती मागणी स्वतःकडे करता येईनाशी झाली, एवढेच त्या निवेदनाचे तात्पर्य आम्ही काढतो. आणखी चार-पाच वर्षे तो खेळला असता. दाम मिळाला असता. आम्हीही पाहिले असते. ते आमचे सुख होते, त्याचे कर्तव्य नव्हे.

नंतर तो जगभर हिंडला. २००९ पासून त्याने जपानचे प्रांत पालथे घालण्यास आरंभ केला; कुंभार, विणकर, शेतकरी, तांदळापासून साके हे मद्य गाळणारे कारखानदार यांच्या दारी जाऊन तो त्यांचे काम पाहू लागला. २०१५ साली त्याने साकेच्या प्रसारासाठी कंपनी काढली. फुटबॉलच्या मैदानावर प्रशिक्षक म्हणून तो परतला नाही. आमचे पखवाजीही परतले नाहीत. पण गेल्या श्रावणात आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते अंगणात शेजारच्या मुलाला बोल पढवीत बसले होते, आणि आम्हांस पाहून थांबले नाहीत.