सांगितलेली गल्ली आणि लिहिलेली गल्ली

आपल्या घराघरांत जुन्या मुंबईच्या आठवणी सांगितल्या जातात. कागदावर उतरल्या की मात्र त्या फिक्या पडतात. असे का होते, याचा विचार सआदत हसन मंटो यांच्या ‘मम्मद भाई’ या कथेने आम्हाला करायला लावला.

मंटो १९३६च्या सुमारास मुंबईत आले आणि मधला दिल्लीचा काळ सोडला तर १९४८च्या सुरुवातीपर्यंत तिथेच राहिले. ही कथा फोरास रोडच्या गल्ल्यांतली. मम्मद भाई हा तिथला दादा. कमरेला सुरा, ओठांवर दहशत बसवणाऱ्या मिशा. आजारी निवेदकासाठी डॉक्टर आणणारा तोच आणि खून करणाराही तोच. कोर्टात बरे दिसावे म्हणून तो मिशा काढतो, तरी तडीपार होतो. मग त्याला दुःख होते ते मिशा गेल्याचे. मंटो त्याला फरिश्ता करत नाहीत, सैतानही करत नाहीत. म्हणून ती गल्ली खरी वाटते.

आता आमचीच चूक सांगतो. आमच्या दादीचे वडील पाथरीकडून मजुरीसाठी मुंबईला गेले. मानवत रोडला गाडीत बसायचे, मनमाडला गाडी बदलायची. दादीचे बालपण मदनपुऱ्यात गेले. ती सांगे, “जुम्मे का दिन था, आसमान से जलती रूई गिरी.” बी.एड.च्या वर्षी आम्ही तिच्या आठवणी लिहिल्या. तेव्हा हे वाक्य काढून ‘१४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला’ असे लिहिले. माहिती बरोबर होती. तो दिवस शुक्रवारच होता, जहाजावर कापसाच्या गाठीही होत्या. पण लेखातून दादी निघून गेली.

दुसरी चूक याहून मोठी. १९३६च्या भायखळ्याच्या दंगलीत ज्या शेजाऱ्याने तोंडावर दार लावले, त्यानेच १९४३ला रेशन सुरू झाल्यावर आपल्या वाट्याचे तांदूळ दिले, असे ती सांगे. आम्ही दार गाळले, तांदूळ ठेवले. शाळेत वाचून दाखवण्याजोगा एकोप्याचा धडा तयार झाला, पण तो शेजारी त्यात उरला नाही.

आठवण चुकते, तारीख हवीच, हे आम्हाला मान्य आहे. पण तारीख आठवणीच्या शेजारी बसावी, तिच्या जागी नव्हे. दखनी वाक्य मराठी लेखात आले तर मराठी बाटत नाही.

दादी आता नाही. ज्यांच्या घरी अशी माणसे अजून आहेत, त्यांनी आधी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, लावलेल्या दारासकट.