जुना संगणक टाकाऊ कोणी ठरवला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीची मोफत देखभाल थांबवली. त्यानंतर महाड-पोलादपूर भागातल्या काही शाळा, वाचनालये व पतसंस्थांशी बोलताना आम्हाला दोन मते ऐकू आली. "सगळे संगणक बदलावे लागणार" हे पहिले, विक्रेत्याचे. "चालतोय ना, मग चालू दे" हे दुसरे, बहुधा खजिनदाराचे. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. पण दुसऱ्या मतातली चूक सहज दिसत नाही, म्हणून आधी तिच्याकडे वळू.

देखभाल संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. बंद होते ती सापडलेल्या दोषांची दर महिन्याची दुरुस्ती. विंडोज ११ ही विंडोज १०च्याच पायावर उभी असल्याने दोहोंतला बराच भाग सारखा आहे. ११ साठी दुरुस्ती आली की आधीचा व नंतरचा प्रोग्रॅम ताडून पाहणाऱ्याला १० मधले भोक नेमके कोठे आहे ते कळते. म्हणजे एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या घरफोडीचा नकाशा ठरते. धोका १५ ऑक्टोबरला एकदम आलेला नाही, तो महिन्यामहिन्याने साचत जातो.

"आमच्या संगणकाला इंटरनेटच नाही" असेही एका शिक्षकांनी सांगितले. मात्र प्रश्नपत्रिका छापायला त्यांचा पेन ड्राइव्ह दर आठवड्याला बाजारपेठेतल्या दुकानात जातो! २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू इराणमधील इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रणेत पोचला, तो अशाच वाटेने.

उलट, देखभाल चालू आहे म्हणजे आपण सुरक्षित, असेही नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्याच्या हल्ल्यात आपल्याच रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या हल्ल्यात वापरलेल्या एका दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. पण हा विषाणू एका संगणकातले पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. तेव्हा माहितीची वेगळी प्रत हवीच, आणि तीही त्याच कपाटात नको. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडात शिरले तेव्हा तळमजल्यावरचा संगणक आणि त्याशेजारची प्रत यांत पुराने भेद केला नसता.

आता कंपनीच्या सल्ल्याकडे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६ साली घेतलेला, आजही उत्तम चालणारा संगणक बाद ठरतो. सुरक्षेचे कारण खोटे नाही. परंतु पत्रे टंकणाऱ्या व पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या वाचनालयाला या अटीतून मिळणारा लाभ आणि होणारा खर्च यांचा मेळ बसत नाही. अट चुकवून ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही. कार्यालयासाठी आम्ही तो मार्ग सुचवणार नाही.

पैसे भरून वाढीव दुरुस्त्या मिळतात. संस्थांसाठी दर संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. एवढ्यात साधा नवा संगणक येतो. शैक्षणिक संस्थांना मात्र हाच दर १, २ व ४ डॉलर, एकूण केवळ ७ डॉलर आहे. तो कंपनीच्या शैक्षणिक परवाना करारातून मिळतो. आम्ही ज्या शिक्षकांना भेटलो त्यांच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. विक्रेत्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही म्हणा! पतसंस्था या सवलतीत बसत नाहीत, ही आमची तक्रार. घरगुती वापरासाठीची स्वस्त सोय संस्थांसाठी नाही.

उरतो लिनक्सचा पर्याय. केरळातल्या सरकारी व अनुदानित शाळा पंधराहून अधिक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत, तेव्हा "शिक्षकांना जमणार नाही" ही सबब टिकत नाही. युडायस प्लससारखी कामे ब्राउझरमधूनच होतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहता येते, तेव्हा हार्ड डिस्कला हात लागत नाही. छपाईयंत्र चालते का, हे त्या वेळीच पाहावे. काही जुनी लेझर यंत्रे फार छळतात. हिशेबाचा प्रोग्रॅम केवळ विंडोजवर चालणारा असेल, तर पतसंस्थेने त्या एका संगणकापुरता नव्याचा खर्च करावा आणि बाकीचे लिनक्सवर न्यावेत.

खरी अडचण वेगळीच आहे. पोलादपूरच्या बाजूला एका शाळेत वीस वर्षांचे दाखले, निकाल आणि परिपत्रके युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकलेली आम्ही पाहिली. या फाँटांत 'क'च्या जागी प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर वा चिन्ह साठवलेले असते, फाँट नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटते. फाँटची फाइल लिनक्सवर नेली तर मजकूर दिसेल, पण त्या फाँटचा विंडोजवरचा टंकन-प्रोग्रॅम तेथे चालेलच असे नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. जोडाक्षरे आणि रफार या बदलात हमखास बिघडतात, तेव्हा विद्यार्थ्यांची नावे मूळ नोंदवहीशी एकेक करून ताडावी लागतील. त्या शाळेत हे काम दहावीच्या मुलांनी दिवाळीच्या सुटीत करायचे ठरवले आहे.