साडी नेसलेला पुरुष आणि इस्त्री करणारा पुरुष

राजूर म्हटले की लोकांना राजुरेश्वराचा गणपती आठवतो, चतुर्थीची गर्दी आठवते. त्याच राजुरात आमच्या नातलगांची काही घरे आहेत. गेल्या बासी ईदला त्यातल्या एका घरी आम्ही पंधरा-वीस माणसे जमलो होतो. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या होत्या. कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, ‘‘मामू, एक जुना सिनेमा दाखवते. सातच मिनिटांचा आहे. आवाज नाही.’’

तो सिनेमा होता अ‍ॅलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेचा. १९०६ साली तिने गोमाँ कंपनीसाठी केलेला. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्त्रीवादाचे परिणाम’ असा होतो. सिनेमा सुरू होतो तो टोप्यांच्या दुकानात. पुरुष टोप्यांना फुले लावत बसले आहेत, लाजत आहेत, मुरकत आहेत. त्यातला एक माल पोचवायला रस्त्यावर येतो तर एक बाई त्याच्या अंगचटीला येते. दुसरी बाई त्याला सोडवते आणि मग स्वतःच त्याच्यावर डोरे टाकू लागते. पुढे घर दिसते. घरात एक पुरुष इस्त्री करतो आहे, दुसरा शिवणयंत्रावर बसला आहे आणि बाई आरामात वर्तमानपत्र वाचत धूर सोडते आहे. कॅफेत बायका पीत बसल्या आहेत. मुले घेऊन आलेल्या बापाला तिथून हाकलून दिले जाते. शेवटी सगळे पुरुष एकत्र येऊन कॅफेवर चाल करतात, बायकांना बाहेर काढतात आणि विजयाचे प्याले उचलतात. संपले.

खोलीतले पुरुष मनसोक्त हसले. विशेषतः इस्त्रीच्या वेळी. पण फज्रपासून चुलीपुढे असलेल्या आमच्या खाला भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘इसमें हसने का क्या है?’’

या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

खालांचा प्रश्न साधा वाटला तरी समीक्षेचा तो मूळ प्रश्न आहे. विनोदात हसू कशाला येते, आणि कोणाला? मूकपटांच्या काळात स्त्री-पुरुषांच्या भूमिकांची उलटापालट हा विनोदाचा हुकमी विषय होता. युरोप-अमेरिकेत स्त्रिया मताचा अधिकार मागत होत्या. त्यांच्या मागणीची भीती पडद्यावर हसण्याच्या रूपाने उमटत होती. इंग्लंडमध्ये १९१३ साली ‘मिलिंग द मिलिटंट्स’ नावाचा एक लघुपट निघाला. बायको मोर्चाला गेली, पोरे नवऱ्याच्या गळ्यात पडली. तो दमून झोपतो आणि आपण पंतप्रधान झालो असून अशा बायकांना कडक शिक्षा फर्मावतो आहोत असे स्वप्न पाहतो. पोरे सांभाळणे ही बाईला रोजची बाब. पुरुषाला ती इतकी मोठी शिक्षा वाटते की तिचा सूड घ्यायला त्याला थेट पंतप्रधान व्हावे लागते!

त्याच १९१३ साली आपल्या मुंबईत काय चालले होते? ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या या नाजूक अंगाच्या तरुणाला महिना दहा रुपयांवरून पंधरा रुपयांवर आणले असे त्यांच्या आयुष्याचे अभ्यासक सांगतात. मिशा काढायला नट तयार होईनात. बाप मेल्यावरच मिशी काढायची ही त्यांची रीत. त्यांची समजूत घालता घालता फाळके मेटाकुटीला आले.

आता गंमत पाहा. पुरुष साडी नेसून राणी झाला आणि थिएटरात कोणी हसले नाही. लोक त्या राणीच्या दुःखाने कळवळले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. तीही लोकांनी भक्तिभावाने पाहिली. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या शालूचे आणि दागिन्यांचे अनुकरण खानदानी बायका करीत होत्या. तमाशातला नाच्या बायकी हावभाव करी, त्याला लोक हसत. पण तो हास्याचा मान्य असलेला कोपरा होता. म्हणजे पुरुषाने बाईचा वेश घेण्यात आपल्या समाजाला ना धोका दिसला ना विनोद. वेश बदलला तरी सत्ता जागच्या जागी राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

चार्ली चॅप्लिनच्या १९१५ च्या ‘अ वुमन’मध्येही हेच दिसते. प्रसंगातून सुटण्यासाठी चार्ली बाईचे कपडे चढवतो, आपली जगप्रसिद्ध मिशी काढून टाकतो आणि मग घरातले मोठे पुरुष त्याच्यामागे लाळ घोटू लागतात. चित्रपट धमाल आहे. त्यात पुरुषांच्या लंपटपणाची फजिती आहे, हे मान्य. पण बाईच्या कपड्यातला चार्ली एक कपही विसळत नाही. वेश उतरला की प्रश्नही उतरतो.

अ‍ॅलिस गीच्या सात मिनिटांत नेमके याच्या उलट घडते. तिथे कपडे बदलत नाहीत. पुरुष कोट-पाटलोणीत आहेत, बायका झग्यांत आहेत. बदलले आहे ते काम. इस्त्री कोण करतो, पोर कोणाच्या कडेवर आहे, पाय पसरून वर्तमानपत्र कोण वाचते, रस्त्यावर कोण जीव मुठीत धरून चालते. म्हणून ती फिल्म बोचते. शेवट पुरुषांच्या बाजूने झाला आहे, नावही इशारा दिल्यासारखे आहे. तेव्हा ती स्त्रियांच्या विरोधातली आहे असे कोणी म्हणेल. वरवर पाहता ते खरेही आहे. परंतु बाकावर बसलेल्या त्या पुरुषाचे अंग चोरणे पाहताना प्रेक्षकाला कळते की हे सगळे रोज घडते, फक्त उलट्या बाजूने. पुरुष शेवटी बंड करून उठतात तेव्हा एक कबुलीही नकळत दिली जाते: हे जिणे असे आहे की ज्याच्या वाट्याला येईल तो बंडच करील. सात मिनिटांत पुरुषांचा धीर सुटला. बायकांनी मात्र बंड केले की तो विनोद!

आपल्याकडची खरी उलटापालट पडद्यावर नव्हती, पडद्यामागे होती. फाळक्यांच्या दादरच्या बंगल्यात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांना सवय व्हावी म्हणून साड्या नेसवून तांदूळ निवडायला, दळायला बसवत, असे सांगितले जाते. तो सराव होता. त्याच बंगल्यात सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, त्यांचे कपडे धूत, रात्री कच्च्या फिल्मला भोके पाडीत, रसायने मिसळीत, चित्रीकरणाला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. एका छपराखाली पुरुष बाईच्या कामाचा अभिनय करीत होते आणि एक बाई बाईचे काम करून वर पुरुषांचेही करीत होती. अभिनय करणाऱ्यांची नावे इतिहासात गेली. सरस्वतीबाईंचे नाव ‘दादासाहेबांना साथ देणारी पत्नी’ एवढ्याच ओळीत राहिले. साळुंके मुळात स्वयंपाकी होते हेही ध्यानात ठेवावे. उपाहारगृहात पुरुष रोटी भाजतो तेव्हा कोणी हसत नाही, कारण त्याला पगार मिळतो. तोच घरी भाजू लागला की विनोद होतो. हसू रोटीला नाही, फुकटच्या रोटीला आहे.

आपल्या वाचकांनी अभिमानाने आठवावे असे एक नाव याच काळात आहे. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या फातमा बेगम १९२२ च्या ‘वीर अभिमन्यू’मध्ये पडद्यावर आल्या आणि १९२६ साली स्वतःची कंपनी काढून त्यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांची नोंद आहे. त्यांची कन्या जुबेदा पुढे ‘आलम आरा’ची नायिका झाली. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ आज उपलब्ध नाही. आणि तरीही १९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांच्या सिनेमा पाहण्यावर बंदी आली, रझिया पटेल यांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. जिच्या कौमच्या बाईने सिनेमा बनवला होता, तिला छप्पन वर्षांनी तिकीट काढायची मनाई! ‘चाहूल’मध्ये रझियाताईंनी तो काळ लिहिला आहे.

अ‍ॅलिस गीच्या फिल्मच्या एकच वर्ष आधी, १९०५ मध्ये, बंगालच्या बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाचे स्वप्न’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. दोघींनी एकमेकींचे काही पाहिले-वाचले असण्याचा प्रश्नच नाही. पण कल्पना तीच. स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात बंद आहेत, स्वयंपाक आणि मुले त्यांच्याकडे. बायका राज्य करतात. सुलताना संकोचाने रस्त्यावरून चालते तर तिथल्या बायका हसतात: ही तर अगदी ‘मर्दानी’ दिसते! त्या राज्यात ‘मर्दानी’ म्हणजे लाजाळू, भित्री. एका शब्दाचा अर्थ उलटा करून रुकय्यांनी जे साधले ते पुष्कळांना पानेच्या पाने लिहून साधत नाही. ऑफिसचे काम बायका दोन तासांत उरकतात, कारण पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढणार, प्रत्येकी अर्धा तास. म्हणजे सात तासांतले सहा धुरात गेले.

रुकय्या अ‍ॅलिस गीच्या एक पाऊल पुढे गेल्या असे माझे मत आहे. त्यांनी काम नुसते दुसऱ्याच्या गळ्यात घातले नाही, ते हलके केले. त्यांच्या स्त्रीराज्यात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, धूर नाही, कोळसा नाही. मात्र शेवटी दोघीही माघारी येतात. तिथे पुरुष कॅफे परत घेतात, इथे सुलताना आरामखुर्चीत जागी होते. उलटलेले जग शेवटी सुलटे करून दाखवल्याशिवाय ते दाखवायची मुभाच त्या काळाने दिली नव्हती.

आज ती मुभा आहे. आपण काय करतो? महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. गावोगाव बाई सरपंच होते आणि ‘सरपंचपती’ खुर्चीशेजारी बसून कारभार हाकतो. ही फाळक्यांच्या बंगल्यातलीच रीत: वेश बदलला, काम बदलले नाही. म्हणून कोणाला त्रासही होत नाही.

आणि आपल्या घरांचे काय? सीरतच्या प्रत्येक जलशात आपण ऐकतो की पैगंबर (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, आपले कपडे शिवत, जोडे सांधत, बकरीचे दूध काढत. हजरत आयेशा (रजि.) यांनीच ते सांगितले आहे. ऐकताना आपण सुब्हानल्लाह म्हणतो. मग टीव्हीवर पुरुष शिवणयंत्रावर बसलेला दिसला की हसतो. जे सुन्नत म्हणून पाठ आहे, तेच दृश्य म्हणून हास्यास्पद का वाटावे? खालांच्या प्रश्नाचा रोख बहुधा इथेच होता.

त्या दिवशी फिल्म संपल्यावर आमचा एक तरुण भाचा उठला. त्याने वाट्या आणि कप गोळा केले आणि मोरीवर जाऊन विसळू लागला. खोलीत पुन्हा हसू फुटले. सगळ्यात आधी हसली ती त्याची आईच. पोराचे कान लाल झाले, पण त्याने नळ बंद केला नाही. खाला तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि उरलेल्या वाट्या त्याच्यापुढे नेऊन ठेवल्या.